ऑनलाइन दुकानात तपासणी कुठे बसवायची?

दिवाळीच्या सुमारास पांढरकवडा, वणी, राळेगावच्या जिनिंगांमध्ये सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, कापूस खरेदी सुरू झाली की फाटकाबाहेर गाड्यांच्या रांगा लागतात. २०२५-२६ च्या हंगामात तर रांगेत लागण्याआधीच ‘कपास किसान’ या अ‍ॅपवर नोंदणी करून स्लॉट घ्यावा लागला. गाडी फाटकावर आली की आधी नोंदणी पाहिली जाते. मग ग्रेडर कापूस हातात घेऊन प्रत पाहतो आणि मीटरने ओलावा मोजतो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो. लांब धाग्याच्या कापसाला त्या हंगामात तो क्विंटलला ८,११० रुपये होता. ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर भावात कपात होते आणि १२ च्या वर गेला की गाडी परत जाते. काटा, पावती आणि बँकेत पैसे हे सगळे त्यानंतर.

या रांगेतला प्रत्येक टप्पा तीनपैकी एक काम करतो. तो गाडी पुढे सोडतो, कागदावर काही नोंद घालून पुढे सोडतो किंवा तिथूनच परत पाठवतो. काट्यावरच्या माणसाला ओलाव्याची चिंता नसते, कारण ओली गाडी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ऑनलाइन दुकानाच्या सर्व्हरमध्ये मिडलवेअर नेमके हेच काम करते.

मार्ग आणि मधले टप्पे

समजा, यवतमाळच्या दत्त चौकातल्या एका कृषी केंद्राने ऑनलाइन दुकान काढायचे ठरवले. बियाणे, खते, ठिबकचे सुटे भाग, फवारणीचे पंप आणि कीटकनाशके विकायची. ग्राहक मोबाइलवर काहीही दाबतो तेव्हा सर्व्हरकडे एक रिक्वेस्ट जाते. ‘पंपांची यादी दाखव’, ‘ही वस्तू कार्टमध्ये टाक’, ‘माझी ऑर्डर घे’, ‘मला ओटीपी पाठव’ अशा प्रत्येक मागणीला सर्व्हरवर ठरलेला एक पत्ता असतो. त्यालाच राउट, म्हणजे मार्ग म्हणतात. मार्गाच्या शेवटी मुख्य काम करणारे फंक्शन असते: यादी काढून देणारे, ऑर्डर नोंदवणारे. ते हँडलर.

रिक्वेस्ट आत शिरल्यापासून हँडलरपर्यंत पोहोचेपर्यंत जे छोटे-छोटे टप्पे लागतात ते मिडलवेअर. ही कल्पना जुनी आहे. पायथन भाषेतल्या जँगो या सांगाड्यात (फ्रेमवर्कमध्ये) ती सुरुवातीपासून आहे आणि पीएचपी भाषेतल्या लॅरव्हेलने २०१५ च्या पाचव्या आवृत्तीत ती याच नावाने आणली. पण आज अभियांत्रिकीचे बहुतेक विद्यार्थी ती शिकतात एक्सप्रेसमुळे. रायन डाल यांनी २००९ मध्ये नोड.जेएस जगापुढे ठेवले आणि पुढच्याच वर्षी टीजे होलोवेचुक यांनी त्यावर एक्सप्रेस हा हलकाफुलका सांगाडा उभा केला. एक्सप्रेसमध्ये मिडलवेअर म्हणजे तीन गोष्टी हातात मिळणारे साधे फंक्शन. पहिली आलेली रिक्वेस्ट, दुसरी पाठवायचे उत्तर आणि तिसरी ‘नेक्स्ट’. नेक्स्टला हाक मारली की रिक्वेस्ट पुढच्या टप्प्यावर जाते. हाक न मारता उत्तर पाठवले की प्रवास तिथेच संपतो. आणि दोन्ही विसरले तर ग्राहकाच्या मोबाइलवर चक्र फिरत राहते. ना माल, ना नकार. नवशिक्यांच्या प्रोजेक्टमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

हे सगळे हँडलरच्या आतच का लिहू नये? लिहिता येते आणि पहिल्या पाच मार्गांपर्यंत ते खपूनही जाते. पण दुकान वाढले की मार्ग पन्नास होतात. लॉगिन तपासणाऱ्या त्याच दहा ओळी पन्नास ठिकाणी लिहिल्या, की एक्कावन्नाव्या ठिकाणी त्या लिहायच्या राहतात. दुकानात चोर शिरतो तो त्या एका मार्गाने. दुकानाचा नियम एकदा लिहावा आणि तो कोणत्या मार्गांना लागू आहे हे वरून पाहताच कळावे, एवढ्यासाठी मिडलवेअर आहे.

सगळ्यांना, गटाला की एकट्याला?

मिडलवेअर बसवण्याच्या जागा तीन. पहिली सगळ्या दुकानाला. कोणती रिक्वेस्ट कधी आली याची नोंद, आलेल्या मजकुराच्या आकाराची मर्यादा, सुरक्षिततेचे हेडर, म्हणजे मजकुरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी, या गोष्टी कुणालाही सूट न देता लावायच्या. दुसरी जागा मार्गांच्या गटाला. ‘अ‍ॅडमिन’ने सुरू होणारे सगळे पत्ते, म्हणजे भाव बदलणे, साठा भरणे, ऑर्डर रद्द करणे, एका राउटरमध्ये, म्हणजे मार्गांच्या एका गठ्ठ्यात, ठेवायचे आणि त्या राउटरच्या तोंडावर ‘लॉगिन आहे का’ आणि ‘हा दुकानाचाच माणूस आहे का’ या दोन तपासण्या बसवायच्या. उद्या नवा मार्ग या गटात आला तर त्याला आपोआप संरक्षण मिळते. तिसरी जागा एकट्या मार्गाला. मार्गाचा पत्ता आणि त्याचा हँडलर यांच्या मध्ये त्या-त्या तपासणीचे नाव लिहायचे, बस.

कोणती तपासणी कुठे बसवायची हा प्रश्न प्रोग्रामरचा वाटतो, पण त्याचे उत्तर दुकानदाराकडे असते. पंपांची यादी पाहायला लॉगिन मागायचे का? मागितले तर नवा ग्राहक दारातूनच परत जाईल. कार्ट लॉगिनशिवाय भरू द्यायची का? बहुतेक दुकाने भरू देतात आणि ऑर्डरच्या वेळी ओळख विचारतात. म्हणजे लॉगिनची तपासणी सगळ्या दुकानाला लावणे जितके चूक, तितकेच ती ऑर्डरच्या मार्गावर नसणे चूक.

ओळख आणि अधिकार या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, हेही इथेच लक्षात घ्यावे. ‘तू कोण?’ याचे उत्तर मिळाले नाही तर सर्व्हरने ४०१ हा आकडा परत द्यायचा. ‘तू कोण ते कळले, पण हे तुझे काम नाही’ असे असेल तर ४०३. ग्राहक लॉगिन झाला एवढ्याने त्याला युरियाच्या पोत्याचा भाव बदलता येऊ नये.

क्रम चुकला की सगळे चुकले

मिडलवेअर ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने चालते. म्हणून क्रम हीच या रचनेची खरी कारागिरी आहे. साधा नियम असा: स्वस्त तपासणी आधी, महाग तपासणी नंतर. एका मिनिटात किती रिक्वेस्ट आल्या हे मोजणे स्वस्त आहे. डेटाबेसमध्ये जाऊन ग्राहकाचे खाते शोधणे महाग. उलट क्रम लावला तर कुणीतरी खोट्या रिक्वेस्टचा मारा करून डेटाबेसच दमवून टाकेल. आणि अधिकार तपासणारे टप्पे ओळख पटवणाऱ्या टप्प्याच्या नंतरच यायला हवेत, कारण ओळखीचा टप्पा रिक्वेस्टला ‘हा अमुक ग्राहक’ अशी चिठ्ठी जोडतो आणि पुढचे सगळे तीच चिठ्ठी वाचतात.

ओटीपीच्या मार्गावर ही गोष्ट पैशांत दिसते. प्रत्येक एसएमएसचे पैसे दुकानदार भरतो. या मार्गावर मर्यादा नसेल तर एखादी टवाळ स्क्रिप्ट रात्रभरात एसएमएसचे सगळे पैसे संपवू शकते आणि ज्याच्या नंबरवर ओटीपी जातात त्याची झोपही. म्हणून इथे मर्यादा कडक हवी. ती ओलांडली की ४२९, म्हणजे ‘फार झाले, थोड्या वेळाने या’. हा आकडा २०१२ मध्ये वेबच्या नियमांत आला. पण मर्यादा केवळ इंटरनेटच्या पत्त्यावर, म्हणजे आयपीवर लावली तर गावाकडे घोळ होतो. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच आयपीमागे ठेवतात. मारेगावच्या एकाने पाच वेळा ओटीपी मागितला म्हणून झरी जामणीच्या दुसऱ्याला नकार मिळायला नको. मर्यादा मोबाइल नंबरवर वेगळी आणि आयपीवर वेगळी, सैल, अशी दुहेरी ठेवावी.

क्रमाचा सर्वांत फसवा सापळा पैसे भरल्याची खबर येते त्या मार्गावर असतो. ग्राहकाने यूपीआयने पैसे भरले की रेझरपेसारखी पेमेंट कंपनी आपल्या सर्व्हरला थेट संदेश पाठवते. त्याला वेबहुक म्हणतात. हा संदेश खरोखर कंपनीचाच आहे हे कळावे म्हणून त्यासोबत एक सही येते. संदेशातल्या अक्षरन् अक्षरावर गुप्त किल्लीने गणित करून ती काढलेली असते. आपणही तेच गणित करून सही जुळवायची. आता गंमत अशी, की बहुतेक दुकानांत सुरुवातीलाच आलेला मजकूर उलगडून ठेवणारे मिडलवेअर सगळ्या मार्गांना लावलेले असते. उलगडलेला मजकूर पुन्हा घडी घालून सही काढायला गेलो तर एखादी मोकळी जागा किंवा आकड्याची लिहिण्याची पद्धत बदलते आणि सही जुळत नाही. खरे पेमेंट खोटे ठरते. उपाय सोपा: वेबहुकचा मार्ग उलगडणाऱ्या टप्प्याच्या आधी मांडायचा आणि तिथे कच्चा मजकूर जसाच्या तसा घ्यायचा. या मार्गाला ग्राहकाचे लॉगिन लावायचे नाही, हेही उघड आहे. इथे येणारा ग्राहक नसतो, कंपनीचा सर्व्हर असतो. त्याची ओळख म्हणजे ती सही.

पिनकोड, दोनदा दाबलेले बटण आणि परवाना

ऑर्डर घेण्याचा मार्ग दुकानात सर्वांत वजनदार, म्हणून त्यावर टप्पेही जास्त. ओळख पटल्यानंतर आलेल्या माहितीचा आकार-उकार तपासायचा: नग ऋण नाहीत ना, पत्ता रिकामा नाही ना. पिनकोडची तपासणी इथेच बसते. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. संस्कृतात काव्य लिहिणाऱ्या या माणसाने सहा आकड्यांत देश बसवला. पहिला आकडा विभागाचा आणि पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीच्या जिल्ह्याचे. यवतमाळ ४४५००१, पुसद ४४५२०४, वणी ४४५३०४. दुकानाला सुरुवातीला जिल्ह्यातच माल पोहोचवायचा असेल तर ‘सहा आकडे आहेत का आणि ४४५ ने सुरुवात होते का’ ही एका ओळीची तपासणी पुरते. नागपूरच्या पिनकोडची ऑर्डर पैसे घेण्याआधीच नम्रपणे परत जाते. नंतर पैसे परत करत बसण्यापेक्षा हे बरे.

पण भाव? तो रिक्वेस्टमधून कधीच घ्यायचा नाही. ग्राहकाच्या मोबाइलवरून आलेला भाव बदलता येतो. वस्तूचा क्रमांक आणि नग घ्यायचे आणि भाव आपल्याच डेटाबेसमधून वाचायचा. हे काम हँडलरचे आहे, आणि ते तिथेच राहू द्यावे.

नेटवर्क कच्चे असेल तर ग्राहक ‘ऑर्डर द्या’ हे बटण दोनदा दाबतो. पहिली रिक्वेस्ट पोहोचलेली असते, फक्त तिचे उत्तर वाटेत हरवते. दुसरी गेली की दोन पंपांची ऑर्डर पडते. यावर उपाय म्हणून मोबाइलवरचे अ‍ॅप प्रत्येक ऑर्डरला एक एकमेव खूणक्रमांक देते आणि तोच दुसऱ्या प्रयत्नातही पाठवते. मधला टप्पा तो क्रमांक आधी आलेला आहे का ते पाहतो आणि आला असेल तर जुनेच उत्तर परत देतो. दोन्ही रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर हा टप्पाही फसू शकतो, म्हणून डेटाबेसमध्ये तो क्रमांक दुसऱ्यांदा घालताच येणार नाही अशी अट हवीच.

कीटकनाशकाचा मार्ग मात्र निराळा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. सरकारला विशेष चौकशी पथक नेमावे लागले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घालावी लागली. देशात कीटकनाशकांची विक्री १९६८ च्या कायद्याने आणि १९७१ च्या नियमांनी बांधलेली आहे. त्या नियमांत नोव्हेंबर २०२२ मध्ये बदल करून परवानाधारक विक्रेत्यांना ई-कॉमर्सवरून कीटकनाशके विकण्याची मुभा मिळाली, पण विक्रेत्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी ई-कॉमर्स चालवणाऱ्यावर टाकली गेली.

ही जबाबदारी सर्व्हरमध्ये कुठे उतरते? विक्रेता, मग तो दुकानदार स्वतः असो की साइटवर विकणारा दुसरा कोणी, नवी वस्तू चढवतो त्या मार्गावर. वर्ग ‘कीटकनाशक’ असेल तर विक्रेत्याचा परवाना नोंदलेला आहे का, त्याची मुदत आजच्या तारखेला शिल्लक आहे का, हे पाहणारा टप्पा तिथे हवा. आणि ऑर्डरच्या मार्गावर पुन्हा, कारण वस्तू चढवली तेव्हा चालू असलेला परवाना विकताना संपलेला असू शकतो. बंदी असलेल्या औषधांची यादी मात्र कोडमध्ये लिहू नये. बंदी आज येते, साठ दिवसांनी उठते, पुन्हा येते. ती डेटाबेसमध्ये ठेवावी, म्हणजे आदेश आला त्याच तासाला दुकानदार स्वतः ती बदलू शकेल. पंपाच्या किंवा ठिबकच्या वस्तूंना ही तपासणी लावायची गरज नाही. एखादा टप्पा एकाच मार्गाला लावण्याची सोय असते ती यासाठीच.

फाटक ओलांडले, पुढे काय?

मे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या मालमत्तेच्या मालकी हक्काचा विमा उतरवणाऱ्या कंपनीची सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रे उघडी पडल्याचे बाहेर आले. कुणी कुलूप फोडले नव्हते. वेबच्या पत्त्यातला कागदाचा क्रमांक एकाने बदलला की दुसऱ्याचा कागद दिसत होता. आपल्या दुकानात हाच धोका ‘माझी ऑर्डर दाखव’ या मार्गावर असतो. ग्राहक लॉगिन आहे, ऑर्डर क्रमांक ४५१२ त्याची आहे. त्याने ४५१३ टाकले तर? लॉगिन तपासणारे मिडलवेअर त्याला सोडून देते, कारण तो खरोखरच लॉगिन आहे. ही ऑर्डर याचीच का, हा प्रश्न वस्तू हातात आल्याशिवाय विचारता येत नाही. म्हणून डेटाबेसकडे मागणी करतानाच ‘क्रमांक ४५१३ आणि मालक हाच ग्राहक’ अशी दुहेरी अट घालायची. काही सापडले नाही तर ४०४, म्हणजे दुसऱ्याची ऑर्डर आहे की नाही हेही त्याला कळत नाही. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत अधिकाराची ही ढिलाई २०१७ मध्ये पाचव्या क्रमांकावर होती. २०२१ मध्ये ती पहिली झाली.

फाटकावर फार विसंबू नये याचा ताजा धडा मार्च २०२५ चा. नेक्स्ट.जेएस या जगभर वापरल्या जाणाऱ्या सांगाड्यात एक दोष सापडला. रिक्वेस्टसोबत एक विशिष्ट हेडर पाठवले की मिडलवेअर चालतच नसे आणि रिक्वेस्ट सरळ आत जात असे. ज्यांनी आपला सगळा पहारा मिडलवेअरमध्येच ठेवला होता त्यांच्यापैकी अनेकांचे दार सताड उघडे होते. ज्यांनी आत, माल देण्याच्या जागीही ‘हा कोण’ हे विचारले होते, ते बऱ्याच अंशी वाचले. दोष दुरुस्त करणाऱ्या आवृत्त्या लगेच आल्या, पण शहाणपण त्यातून घ्यावे ते असे: मिडलवेअर गर्दी गाळते, शेवटचा निर्णय मालाजवळच व्हावा.

रांगेच्या अगदी शेवटी चुका पकडणारा टप्पा बसवायचा. एक्सप्रेसमध्ये त्याला तीनऐवजी चार गोष्टी मिळतात आणि पहिली असते घडलेली चूक. आत काहीही मोडले तरी ग्राहकाला ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ एवढेच दिसावे. डेटाबेसचे नाव, फाइलचा पत्ता हे फक्त आपल्या नोंदवहीत जावे. एक्सप्रेसच्या चौथ्या आवृत्तीत एसिंक फंक्शनमधली चूक आपोआप या टप्प्यापर्यंत पोहोचत नसे, ती हाताने पुढे द्यावी लागे. २०२४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने हे दुखणे मिटवले. जुने प्रोजेक्ट चालवणाऱ्यांनी आपली आवृत्ती पाहून घ्यावी.

पुसदच्या बाबासाहेब नाईक महाविद्यालयात किंवा यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा संस्थेत शिकणारा विद्यार्थी शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून अनेकदा ऑनलाइन दुकान करतो. त्याने कोड लिहिण्याआधी एका कागदावर तक्ता आखावा. उभ्या ओळींत सगळे मार्ग, आडव्या ओळीत सगळ्या तपासण्या, आणि प्रत्येक चौकटीत हो किंवा नाही. मग तो कागद घेऊन खऱ्या दुकानदारासमोर बसावे. मग प्रत्येक ‘हो’साठी एक चाचणी लिहावी, पण उलट्या बाजूने: लॉगिनशिवाय ऑर्डर नाकारली जाते का, मुदत संपलेल्या परवान्यावर औषध विकता येत नाही ना, दुसऱ्याची ऑर्डर उघडत नाही ना.

आणि दुकानदारांनी, साइट बनवून देणाऱ्याला पैसे चुकते करण्याआधी, हाच तक्ता मागावा. रंग आणि फोटो नंतरही बदलता येतात. कोणत्या मार्गावर कोण काय तपासते हे ज्याला सांगता येत नाही, त्याने बनवलेल्या दुकानात पैसे घेण्याचे बटण लावू नये.